स्पोर्ट्‌स कारच्या कारखान्यात बिनचालकाची गाडी: मी त्या विभागात जावं का?

साचेवाला

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण थोडक्यात मांडला तर उत्तरही अर्धवट मिळेल, म्हणून सविस्तर लिहितो.

इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्समध्ये एका छोट्या स्पोर्ट्‌स कारच्या कारखान्यात मी चौदा वर्षं काम करतोय. आम्ही सगळे मिळून एकोणीस जण. कॉलिन चॅपमनने १९५७ साली लोटस सेव्हन काढली, त्याच घराण्यातली आमची गाडी: स्टीलच्या नळ्यांची चौकट, वर फायबरग्लासचं अंग, दोघांची बसायची जागा, दार नाही, वजन सहाशे किलोच्या आसपास. काही गिऱ्हाइकं तयार गाडी घेतात, बरीच जण किट घेऊन घरच्या गॅरेजमध्ये स्वतः जोडतात. माझं काम साच्यांचं. साच्याला मेण लावायचं, जेलकोट म्हणजे वरचा चकचकीत थर मारायचा, तो हाताला चिकटेनासा झाला की काचतंतूंची मॅट अंथरायची, रेझिन लावून रोलरने हवा बाहेर काढायची, आणि दुसऱ्या दिवशी लाकडी पाचरी मारत अंग साच्यातून सोडवायचं. गाडीचं नाक करताना कडेच्या अरुंद वळणात मॅट हमखास उचलते. तिथे बोटानेच दाबावी लागते, आणि किती वेळ दाबायची हे आता हाताला कळतं.

गेल्या महिन्यात मालकांनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना एकत्र बोलावलं. एक विद्यापीठ, एक सॉफ्टवेअर कंपनी, एक स्थानिक काउन्सिल आणि आम्ही असे मिळून सरकारी अनुदानातून बिनचालकाचा पॉड बनवणार. चार माणसांचा, विजेवर चालणारा, स्टिअरिंग नसलेला. स्टेशनपासून ऑफिसांच्या वसाहतीपर्यंत फिरवायचा. चौकट आणि अंग आमचं. यासाठी वेगळी कंपनी काढणार. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पॉडच्या अंगाचं सगळं काम तू सांभाळ, पगार वाढेल, महिनाअखेर सांग.

मालक हौशी आहेत, पण उथळ नाहीत. त्यांचं म्हणणं असं की २०३० नंतर इंग्लंडमध्ये निव्वळ पेट्रोलच्या नव्या गाड्या विकणं बंद होतंय. छोट्या उत्पादकांना सूट दिली आहे हे खरं, पण इंजिन आपण बनवत नाही, मोठ्यांकडून घेतो. त्यांनीच बनवणं थांबवलं तर सूट घेऊन करायचं काय? हा मुद्दा मला पटतो.

धाकधूक दुसऱ्या कारणाने आहे. किंग्जविनफर्डची वेस्टफील्ड आमच्याच भागातली, १९८२ पासूनची, गाडीही आमच्याच जातीची. त्यांनी ग्रिनिचच्या चाचण्यांसाठी पॉड बनवले, बिनचालक गाड्यांत मोठं नाव केलं. २०२२ साली स्पोर्ट्‌स कारची ती कंपनी ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेली, म्हणजे देणी भागेनात म्हणून कारभार प्रशासकांच्या हाती गेला. आमच्याकडे हे नाव निघालं की चहाच्या टेबलावर सगळे गप्प होतात.

माझं वय ४६. मुलगी पुढच्या वर्षी विद्यापीठात जाईल. माझे प्रश्न तीन. माझ्या हातातलं कसब पॉडला खरंच उपयोगी आहे का? अशा छोट्या कंपनीला हे झेपतं का? आणि हो म्हणण्याआधी मालकांना काय विचारू?

रविवारची_गाडी

मी अशीच एक गाडी दोन हिवाळे खपून जोडली आहे, त्यामुळे तुमच्यासारख्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. किटमधलं अंग चौकटीवर ठेवलं तेव्हा बोल्टची सगळी भोकं जुळली. एक सोडून, आणि ते मी पाडलेलं होतं.

माझं मत स्पष्ट आहे: जाऊ नका. तुमच्या गाडीला लोक का येतात? ती चालवायला मिळते म्हणून. स्टिअरिंगमधून रस्ता हाताला लागतो म्हणून. पॉडमध्ये तेच काढून टाकलंय. मग तुमच्या कारखान्याचं त्यात उरलं काय? शिवाय नियमांचा जाच. आयव्हीए, म्हणजे अशी गाडी रस्त्यावर आणण्याआधीची सरकारी तपासणी, तिच्या वेळी परीक्षकाने शंभर मिलिमीटरचा गोळा माझ्या गाडीभोवती फिरवला होता. तो जिथे जिथे टेकतो तिथली कड किमान अडीच मिलिमीटर गोलाईची हवी. मडगार्डच्या कंसाची एक कड बसेना म्हणून मला परत पाठवलं. एका साध्या गाडीला एवढं, तर माणसाशिवाय चालणाऱ्या गाडीला किती असेल याचा विचार करा.

पुरावा_कुठेय

साचेवाले दादा, मी ब्रिटनमध्येच बिनचालक गाड्यांच्या सुरक्षेचं काम करते, आठ वर्षं झाली. दोन वेगवेगळ्या पॉडवर होते. कंपन्यांची नावं लिहीत नाही.

वरच्या उत्तराशी मी निम्मी सहमत आहे. नियमांचं ते म्हणतात तसंच आहे. पण कारखान्याचं काय उरतं, याचं उत्तर ‘बरंच’ असं आहे. पॉड दहा लागतात, वीस लागतात. पत्र्याचं अंग काढायचं तर पत्रा दाबायच्या पोलादी साच्याचा, म्हणजे नुसत्या डायचा खर्चच इतका होतो की वीस गाड्यांवर तो वसूल होत नाही. फायबरग्लासचा साचा त्या मानाने स्वस्त, आणि चाचणीनंतर आकार बदलायचा झाला तर तुम्ही तो आठवड्याभरात बदलून देता. हलकी चौकट, थोडे नग, सारखे फेरफार हे सगळं छोट्या स्पोर्ट्‌स कारवाल्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. म्हणूनच वेस्टफील्डसारखे लोक या कामात आले. त्यात नवल काहीच नव्हतं.

आता दार. तुम्ही लिहिलंय की तुमच्या गाडीला दार नाही. म्हणजे चौदा वर्षांत तुमच्या कारखान्याने दार बनवलेलं नाही. पॉडमध्ये सगळ्यात जास्त वापर दाराचाच होतो. पाच मिनिटांनी एक थांबा आणि दिवसाचे बारा तास धरा: दिवसाला १४४ वेळा, वर्षाला साडेबावन्न हजार वेळा. तुमची गाडी वर्षातून काही हजार मैल फिरते, बहुतेक उन्हाच्या रविवारी, आणि मालक तिला फडक्याने पुसून आत ठेवतो. पॉडला पावसातच जास्त गिऱ्हाईक. दारात बोट अडकलं तर बघायला ड्रायव्हर नाही, पदर किंवा पिशवीचा बंद अडकला तर थांबवायला कुणी नाही. ते दाराला स्वतःलाच कळलं पाहिजे. वीज गेली तर आतल्या म्हाताऱ्या बाईला ते हाताने उघडता आलं पाहिजे, आणि गाडी चालू असताना लहान मुलाला मात्र उघडता येता कामा नये. या एका दारावर आमच्या सुरक्षेच्या फायलीत जेवढी पानं होती तेवढी बॅटरीवर नव्हती.

दुसरी गोष्ट तुमच्या हाताशी थेट संबंधित आहे, म्हणून जरा जवळून सांगते. एका पॉडची चाचणी चालू होती. सकाळी उत्तम चालायचा. दुपारी दोननंतर, ऊन असेल त्या दिवशी, सरळ मोकळ्या रस्त्यावर अचानक ब्रेक मारायचा. पुढे काही नाही, कुत्रं नाही की पाचोळा नाही. सॉफ्टवेअरची मंडळी तीन आठवडे कोडमध्ये शोधत होती. शेवटी आमच्या एका तंत्रज्ञाने लायडारच्या, म्हणजे लेझरने अंतर मोजणाऱ्या यंत्राच्या, ब्रॅकेटवर कोनमापक ठेवला, सकाळी आठला एकदा आणि दुपारी तीनला एकदा. अर्ध्या अंशाचा फरक! ब्रॅकेट फायबरग्लासच्या टपावर चिकटवलेलं होतं, टपाचा रंग गडद, ऊन लागलं की टप किंचित फुगायचा आणि लायडार पुढे झुकायचा. अर्धा अंश म्हणजे पन्नास मीटरवर जवळपास ४४ सेंटिमीटर. रस्त्याचा पृष्ठभागच त्याला अडथळा वाटत होता. टप बनवणाऱ्यांची काहीच चूक नव्हती. फटी सारख्या, चकाकी सुरेख. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की या टपावर गाडीचा डोळा बसणार आहे. नंतर ब्रॅकेट टपातून भोक पाडून थेट खालच्या स्टीलच्या कमानीला जोडलं, भोकाला रबरी सील लावलं, आणि दुपारचे ब्रेक थांबले.

आराखडा ठरवायच्या बैठकीत साच्यावर काम करणारा माणूस बसलेला असता तर ते तीन आठवडे वाचले असते. तुम्हाला उन्हात टप फुगतो हे माहीत आहे. सॉफ्टवेअरवाल्यांना ते माहीत नसतं. म्हणून तुम्ही जावं असं मला वाटतं.

झेपतं का, यावर. हीथ्रोला टर्मिनल ५ ते गाडीतळ अशी पॉडची सेवा २०११ पासून आली: २१ पॉड, ३.८ किलोमीटरचा स्वतंत्र मार्ग, ताशी ४० किलोमीटरपर्यंत वेग. मार्ग त्यांचा स्वतःचा, मध्ये माणूस येत नाही, सायकल येत नाही. त्याच जातीचा पॉड ग्रिनिचमध्ये नदीकाठच्या वाटेवर आणला तेव्हा २०१७ च्या चाचणीत त्यावर पाच कॅमेरे आणि तीन लेझर होते, ऑक्सबोटिकाचं सॉफ्टवेअर होतं, आत सुरक्षेसाठी प्रशिक्षित माणूस होता, आणि वेग ताशी १० मैलांच्या वर नाही. त्याचं नाव हॅरी ठेवलं होतं, जहाजावरचं अचूक घड्याळ बनवणाऱ्या जॉन हॅरिसनवरून. अंग बहुतेक तेच. बाकी सगळं बदललं, ते फक्त कुंपण काढल्यामुळे. म्हणून मालकांना पहिला प्रश्न हा विचारा: आपला पॉड कुंपणाच्या आत चालणार की लोकांमध्ये? स्टेशन ते ऑफिसं म्हणताय, म्हणजे लोकांमध्ये. मग ब्रेकचं विचारा. तुमच्या गाडीत ब्रेक म्हणजे माणसाचा पाय. पॉडची वीज गेली, संगणक बंद पडला, तरी ब्रेक आपोआप लागला पाहिजे. म्हणजे तो स्प्रिंगने लागणारा आणि विजेने सुटणारा हवा. हे काम कुणाकडे आहे? नाव सांगता आलं पाहिजे.

आणि तिसरं. २०२४ चा ऑटोमेटेड व्हेइकल्स ॲक्ट आल्यावर स्वयंचलित गाडीच्या वागण्याची जबाबदारी घेणारी एक अधिकृत संस्था लागते. तिची आर्थिक स्थिती भक्कम हवी, असं कायद्यातच आहे. एकोणीस माणसांच्या कंपनीने ती जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेऊ नये. तुम्ही अंग आणि चौकट द्या, त्या कामापुरतं उत्तर द्या. करारात ही रेघ कुठे ओढली आहे ते बघा.

जमाखर्च

मी हिशेबाचा माणूस, गाड्यांतलं कळत नाही. पण अनुदानावर चालणाऱ्या छोट्या कंपन्यांची पुस्तकं बरीच पाहिली आहेत, म्हणून तेवढंच लिहितो.

तुमच्या आजच्या धंद्यात पैसा आधी येतो. गिऱ्हाईक बयाणा देतं, मग तुम्ही नळ्या कापता. इनोव्हेट यूके या सरकारी संस्थेच्या अनुदानासारख्या अनुदानात पैसा नंतर येतो. तिमाहीत खर्च करायचा, मग दावा लावायचा, मग तपासून पैसे मिळतात. छोट्या कंपनीला औद्योगिक संशोधनात खर्चाच्या जास्तीत जास्त ७० टक्के मिळतात. म्हणजे तिमाहीला एक लाख पौंड खर्च झाले तर आधी लाख खिशातून गेले, काही आठवड्यांनी सत्तर हजार परत आले, आणि तीस हजार कायमचे गेले. ते तीस हजार कुठून येणार? स्पोर्ट्‌स कारच्या गिऱ्हाइकांच्या बयाण्यातून, दुसरीकडून नाही. इथेच घात होतो. गाडी नीट बनत असते, गिऱ्हाईक खूश असतं, आणि त्याचाच बयाणा पॉडच्या चाकांत गेलेला असतो. एखादा दावा महिनाभर अडकला की नळीवाल्याचं बिल थकतं, तो माल थांबवतो, मग गाड्या थांबतात. वेस्टफील्डच्या आतलं मी काही सांगत नाही, माझ्या पाहण्यातल्या कंपन्यांचं सांगतो. प्रत्येक ठिकाणी आधी जुना, चालता धंदाच कोरडा पडला.

अमेरिकेत लोकल मोटर्स होती. ॲरिझोनातली कंपनी, आधी रॅली फायटर नावाची वाळवंटात पळवायची गाडी थोड्या संख्येत बनवायची. २०१६ ला ओली नावाची बिनचालक शटल आणली, त्रिमितीय छपाईचं अंग असलेली. कौतुक खूप झालं. जानेवारी २०२२ मध्ये बंद झाली. चाचणी प्रकल्प संपतो तेव्हा कुणी पन्नास नग मागत नाही. पुढच्या चाचणीचा अर्ज भरायचा असतो, इतकंच.

तुमच्यापुरतं: नव्या कंपनीत नाव घालताना चौदा वर्षांची नोकरी अखंड धरली जाईल हे लेखी घ्या. एकाच मालकीच्या दोन कंपन्यांत बदली झाली तर कायद्याने सलगता राहते, तरीही कागद हातात असू द्या. उद्या नोकरी गेलीच तर ४१ च्या पुढच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला दीड आठवड्याचा आणि त्याआधीच्या वर्षांना एकेक आठवड्याचा पगार, असा कमीत कमी हिशेब आहे. कंपनी बुडाली तरी तो सरकारी निधीतून मिळतो, मात्र आठवड्याच्या पगाराला कमाल मर्यादा असते. मुलीच्या खर्चाचा विचार करताना ही रक्कम आजच काढून ठेवा.

साचेवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, टपाचं वाचलं आणि दोन मिनिटं तसाच बसून राहिलो. आमच्या पॉडचा टप काळा ठरलाय आणि लायडार त्याच्या मधोमध दाखवलाय, जिथे खाली कमानच नाही!

सोमवारी मालकांकडे गेलो. दारापासून सुरुवात केली. नकाशात दार म्हणजे दोन रेघा आणि शेजारी ‘दार’ असा शब्द. मी साडेबावन्न हजारांचा आकडा सांगितला. त्यांनी कॅल्क्युलेटर काढून स्वतः गुणाकार केला, मग बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी ठरलं की दाराची यंत्रणा बसची दारं बनवणाऱ्यांकडून आयती घ्यायची, आम्ही फक्त ती पेलणारं अंग बनवायचं. ब्रेक आणि सॉफ्टवेअर सॉफ्टवेअर कंपनीकडे आहेत, पण लेखी नाही. ते लेखी मागवतो म्हणाले. गिऱ्हाइकांचा बयाणा वेगळ्या खात्यात ठेवणार का, असं विचारलं तेव्हा मात्र उत्तर मिळालं नाही. अकाउंटंटशी बोलून सांगतो म्हणाले. वाईट वाटलं नसेल ना, अशी धास्ती होती. निघताना ते म्हणाले की हा प्रश्न मलाच पडायला हवा होता.

ताई, एक विचारायचं होतं. दाराची रेल फायबरग्लासवर बोल्टने बसेल. किती जाडी ठेवू?

पुरावा_कुठेय

दादा, जाडीपेक्षा बोल्टचा भार कुठे जातो ते बघा. नुसती जाडी वाढवली तर वजन वाढेल आणि भेग एका वर्षाऐवजी दीड वर्षाने पडेल. आतल्या थरांमध्ये स्टीलची पट्टी घालून ती चौकटीला जोडता आली तर उत्तम. पण माझ्या शब्दावर जाऊ नका, करून बघा आणि मोजा. तारीख, तापमान, किती वेळा उघडलं, कुठे काय दिसलं, सगळं वहीत लिहा. ती वही पुढे पुराव्यात धरली जाईल, तुमच्या सहीसकट.

साचेवाला

काय केलं ते कळवतो. पॉडचं काम घेतलंय, पण आठवड्यातले तीनच दिवस. दोन दिवस साच्यांवर. नाकाचं काम शिकायला एक पोरगा दिलाय. मॅट कुठे उचलते ते त्याला अजून दिसत नाही, पण हात हलका आहे, येईल. नोकरीच्या सलगतेचं पत्र शुक्रवारी हातात आलं. बयाण्याच्या खात्याचं अजून ठरलेलं नाही, दर सोमवारी विचारतो.

प्लायवूडच्या चौकटीवर पॉडच्या कुशीचा एक तुकडा बसवलाय, त्यावर रेल आणि दाराच्या वजनाची एक फळी. जुन्या वायपरची मोटर लावून ती पुढेमागे सरकवतोय, शेजारी मोजणी यंत्र. आधी मुद्दाम पट्टी न घालता केलं. पट्टी नसेल तर काय होतं ते डोळ्यांनी बघायचं होतं. काल संध्याकाळी ६,१२० वर थांबवलं. खालच्या पुढच्या बोल्टभोवती जेलकोटमध्ये केसाएवढी चीर दिसतेय, साधारण १४ मिलिमीटर, बोल्टपासून तिरकी वर गेलेली. शाईचं फडकं फिरवलं की स्पष्ट दिसते. वहीत लिहिलंय, फोटो काढलाय, तापमान १७. उद्या दुसरा तुकडा साच्यातून काढतोय, पट्टी घालून.